घरच्या घरी गिटार : दोन महिने झाले, सी बेसूर, एफ अशक्य. चूक बोटांची की गिटारची?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. जूनपासून क्लास न लावता गिटार शिकतोय. गिटार ऑनलाइन मागवलेली, साडेचार हजारांची, स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक. रोज साधारण पाऊण तास बसतो. अडलंय ते असं :

ई मायनर, ए मायनर, जी या कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरसमूह) ठीक वाजतात. सी धरला की पहिली तार ठक्क करून बंद पडते. एफ तर होतच नाही, सहापैकी दोन तारा वाजल्या तर नशीब. जीवरून सीवर जायला तीन सेकंद लागतात, तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं. सकाळी मोबाइलच्या अ‍ॅपवर सुरात लावलेली गिटार संध्याकाळी उतरलेली असते. आणि मला सगळ्यात न कळलेली गोष्ट म्हणजे ट्यूनर सहाही तारा हिरव्या दाखवतो, तरी सी धरला की कानाला खटकतं.

ध्येय फार मोठं नाही. घरात पेटीवर भावगीतं, अभंग होतात, त्यांना साथ करता यावी. गाणारीचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी.

क्लास लावावा का? की गिटार बदलावी? की अजून दोन महिने नेट लावावा?


पॉलिशपेपर

बोटांना दोष देण्याआधी गिटार मोजा. या किमतीच्या बहुतेक गिटारी कारखान्यातून तारा उंच ठेवूनच निघतात. कारण साधं आहे, तार उंच असली की दुकानात कुणी वाजवून पाहिली तर झणझण ऐकू येत नाही. त्याची किंमत शिकणारा बोटांनी मोजतो.

हत्यार काही लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, ती आपली मोजपट्टी. गिटार सुरात लावून घ्या आणि चार मोजमापं काढा.

पहिलं, बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, खुंट्यांकडून मोजायचे). तार मोकळी ठेवून, फ्रेटची धातूची पट्टी आणि सहाव्या (जाड) तारेचा तळ यांच्यामध्ये कार्डं एकावर एक सरकवा. तीन कार्डं जाऊन जरा फट उरली तर उत्तम, म्हणजे अडीच मिमीच्या आसपास. चार गेली तर तीन मिमी, शिकणाऱ्याला जड. पहिल्या (पातळ) तारेखाली दोन मिमी पुरे, तिथे तिसरं कार्ड तारेला उचलायला लागलं पाहिजे.

दुसरं, मानेचा बाक. सहावी तार पहिल्या फ्रेटला एका हाताने आणि चौदाव्या फ्रेटला दुसऱ्या हाताने दाबा. आता ती ताणलेली तारच तुमची सरळ पट्टी. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाएवढी, पाव मिमीची फट हवी. एटीएम कार्ड आरामात जात असेल तर मान पुढे वाकलीय.

तिसरं, नट. म्हणजे खुंट्यांच्या खालची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. दुसरी तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे कागद जेमतेम जावा इतकीच फट असावी.

ट्यूनर हिरवा आणि सी बेसूर, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. नट उंच असला की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटला तार दाबताना ती जास्त खाली ओढावी लागते, ताण वाढतो, सूर चढतो. मोकळी तार बरोबर, दाबलेली चढलेली. खात्री करायची तर दुसरी तार सुरात लावून पहिल्या फ्रेटला हलकेच दाबा आणि ट्यूनर बघा. बरोबर सी यायला हवा. पाच-सात सेंटचा (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या सुराचा शंभरावा भाग) फरक दाबण्याच्या जोराने पडतो, पंधरा-वीस सेंट चढत असेल तर नट उंच.

चौथं, ब्रिज, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. आत गेली तर ब्रिज सुटत चाललाय. मग तारा लगेच सैल करा आणि काही न करता गिटार दुरुस्तीला द्या. १२ च्या संचात (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो, ब्रिज सुटला तर तोंडावर येतो.

आकडे इथे टाका, मग पुढचं सांगतो.


सहावी_तार

वरचं मोजून होईपर्यंत हातांचं बघू.

सीमध्ये पहिली तार बंद पडते याची कारणं दोनच. एक म्हणजे तर्जनी दुसऱ्या तारेवर आडवी पडतेय आणि तिच्या पोटाचा मांसल भाग पहिल्या तारेला टेकतोय. दोन, तळहात मानेला खालून चिकटलाय. कोणतं ते शोधायला सी धरा, फक्त पहिली तार छेडा, आणि ती वाजत असतानाच तळहात मानेपासून एक बोट दूर न्या. आवाज मोकळा झाला तर कारण तळहात. नाही झाला तर तर्जनीचं शेवटचं पेर उभं करा, नख जवळजवळ फ्रेटबोर्डकडे बघेल इतकं. डाव्या हाताची नखं बोटाच्या मागे जाईपर्यंत कापलेली हवीत, नाहीतर बोट उभं राहतच नाही.

अंगठा कुठे आहे? मानेच्या मागे मध्यावर, साधारण मधल्या बोटाच्या समोर. मांडी घालून पलंगावर बसत असाल तर ते आजच बंद करा. मांडीत गिटारची मान खाली झुकते, मनगट काटकोनात वळतं, अंगठा वर डोकावतो आणि बोटं आपोआप आडवी होतात. बिनहाताची खुर्ची घ्या, डाव्या पायाखाली पाट ठेवा, आणि गिटारचं डोकं खांद्याच्या उंचीपर्यंत येऊ द्या. बोटांची टोकं दुखणं ठीक, तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर मात्र बसण्यात चूक आहे. ते दुखणं सहन करून वाजवत राहू नये.

बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, पट्टीच्या मागे दाबायचं. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरीही खर्र येतं. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जाते, तीच नेमकी मागे राहते.

आता बदल. तुम्ही बहुतेक कॉर्ड घोकताय. कॉर्ड येतेच, येत नाही तो एकीवरून दुसरीवर जाण्याचा रस्ता. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. पहिल्या ठोक्याला जी एकदा छेडा, आणि दोन, तीन, चार या तीन ठोक्यांत सीवर जा. पुढच्या एकला सी. तीन सेकंद लागतात म्हणता ना, तीन सेकंदच दिलेत. हे सलग दोन मिनिटं न चुकता झालं की एक आणि दोन छेडा, बदलाला दोन ठोके. मग एक-दोन-तीन, बदलाला एक ठोका. शेवटी चारही. वेग मात्र ६० च. एका पायरीला चार दिवस लागले तरी लागू देत.

त्यात नियम एकच, एकच्या ठोक्याला उजवा हात पडलाच पाहिजे, डावा पोचला असो वा नसो. अर्धवट कॉर्ड वाजली तर वाजू दे. थांबून, बोटं नीट लावून मग छेडायची सवय लागली तर ती वर्षभर सुटत नाही.

बोटं एकेक करून ठेवू नका. सीवर जाताना बहुतेक जण तर्जनी आधी टेकवतात आणि अनामिका शेवटी, आणि छेडताना पहिली लागते ती अनामिकेचीच पाचवी तार. क्रम उलटा करा. ए मायनरवरून सीला तर फक्त अनामिका हलते, तर्जनी आणि मधलं बोट जागेवर. आधी आठवडाभर तोच बदल करा, मग जी-सी.

एफबद्दल : पूर्ण एफ आत्ता सोडून द्या. चौथ्या तारेला तिसरा फ्रेट, तिसरीला दुसरा, दुसरीला पहिला, पहिली मोकळी, एवढंच धरा आणि जाड दोन तारा छेडू नका. हा एफ मेजर सेव्हन, बहुतेक ठिकाणी खपून जातो. पुढे बार (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी) धराल तेव्हा तर्जनीची अंगठ्याकडची हाडाळ कड वापरा, पोट नको, कारण पेरांच्या वळ्यांत तार अडकून मुकी होते. आणि तर्जनीला सहा तारा दाबायच्या नसतातच. पाचवी, चौथी, तिसरी बाकीची बोटं दाबतात, तर्जनीच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली. जोर अंगठ्याच्या चिमटीने आणायचा नाही. कोपर अंगाकडे हलकं मागे ओढा, दंडाचं वजन बोटावर येतं.

क्लासचं म्हणाल तर महिन्याची फी भरण्याआधी कुणा जाणत्याला चार वेळा हात दाखवून या, बसणं, अंगठा, मनगट, उजव्या हाताचा झोका. तेही जमत नसेल तर मोबाइल डाव्या बाजूला, मानेच्या टोकाकडे ठेवून चित्रण करा. समोरून घेतलेल्या चित्रणात चूक दिसत नाही.


गंगापूररोडकर

मोजलं. बाराव्या फ्रेटला सहाव्या तारेखाली पाच कार्डं, पहिलीखाली चार. सातव्या फ्रेटला एटीएम कार्ड सहज जातं. दुसरी तार पहिल्या फ्रेटला १८ सेंट चढलेली. ब्रिजखाली कागद जात नाही. आणि हो, पलंगावर मांडी घालूनच बसत होतो.


पॉलिशपेपर

पाच कार्डं म्हणजे ३.८ मिमी. या गिटारवर एफ न लागणं हा गिटारचाच गुण. बदलायची गरज नाही, पण क्रम चुकवू नका : आधी मान, मग सॅडल (ब्रिजमधली उभी पांढरी पट्टी), शेवटी नट. उलट केलंत तर सॅडल जास्त घासला जाईल आणि नंतर मान सरळ केली की सगळीकडे झणझण.

मान : गिटारबरोबर एल आकाराची ॲलन की आली असेल, बहुधा ४ किंवा ५ मिमीची. साउंड होलमधून (पुढच्या फळीच्या गोल भोकातून) आत मानेच्या बुंध्याशी ट्रस रॉडचं, म्हणजे मानेचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईचं, तोंड दिसेल (काही गिटारींत ते खुंट्यांच्या बाजूला झाकणाखाली असतं). तारा अर्ध्या सैल करा, की नीट खोलवर बसवा आणि घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्या. पावच. पुन्हा सुरात लावा, रात्रभर ठेवा, सकाळी सातव्या फ्रेटची फट बघा. गरज असेल तर आणखी पाव. एका दिवसात अर्ध्या फेऱ्यापुढे जायचं नाही. की अडली आणि जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि गिटार कारागिराकडे न्या, रॉड तुटला तर त्या किमतीत दुसरी गिटार येते.

यानंतर बारावा फ्रेट पुन्हा मोजा. समजा ३.८ चे ३.३ झाले. आपल्याला २.६ हवेत, म्हणजे ०.७ कमी करायचे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून जातं. इथे १.४ मिमी.

तारा सैल करा, ब्रिजच्या पिना काढा. निघत नसतील तर साउंड होलमधून हात घालून आतून वर ढकला, पक्कडीने ओढू नका, डोकी तुटतात. सॅडल सरळ वर ओढून काढा. कोणती बाजू जाड तारेकडे होती त्यावर खूण करा. तळापासून १.४ मिमीवर टोकदार शिसपेन्सिलने रेघ मारा. घासायचं ते तळाला. वरची कड गोलाईत आणि तिरपी मुद्दाम केलेली असते, तिला हात लावायचा नाही.

जुन्या आरशाच्या सपाट तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटपट्टीने ताणून बसवा. सॅडल उभा धरा आणि एकाच दिशेने, अंगाकडे ओढत घासा. पुढे-मागे केलं की पट्टी डोलते, तळ गोल होतो आणि आवाज मरतो. दर दहा ओढींनंतर गुण्या लावून तळ काटकोनात आहे का बघा. रेघेच्या अर्ध्या मिमी आधी थांबा, तारा चढवा, मोजा, वाजवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी. घासलेला सॅडल परत वाढत नाही.

सॅडल ब्रिजच्या वर किमान ३ मिमी उरला पाहिजे. त्याहून कमी झाला तर तारांचा खालचा कोन जातो आणि आवाज पडतो.

नटच्या खाचा मात्र घरी करू नका. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणायला लागते. कारागिराला नेमकं सांगा : “नटच्या खाचा उतरवून द्या, पहिल्या फ्रेटला सूर चढतोय.” नुसतं “सेटअप करा” म्हणालात तर तारा बदलून, पुसून परत मिळते. गिटार घ्यायला जाल तेव्हा ट्यूनर खिशात असू द्या आणि दुकानातच दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट तपासा.

घासल्यावर खर्र आलं तर कुठे येतंय ते बघा. एकाच फ्रेटला आलं तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. फक्त मोकळ्या तारेला आलं तर नटची खाच. सगळीकडे थोडं थोडं येत असेल तर मान जास्त सरळ झालीय, ट्रस रॉड पाव फेरा उलटा.

तारा कोणत्या आहेत? काढल्याच आहेत तर १० चा संच चढवा, १०-४७, फॉस्फर ब्रॉन्झ. १२ च्या तारा बोटं तयार झाल्यावर. मात्र १२ वरून १० वर आलात तर ताण उतरतो, मान थोडी मागे जाते. म्हणून संच बदलायचा असेल तर तो आधी, मोजमाप त्यानंतर.


म्हसरूळकर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्यावी असं माझं मत. ताण जवळपास निम्मा, बोटं सोलत नाहीत, आणि भावगीताला तो मऊ आवाजच शोभतो. मान रुंद असते, नटपाशी ५२ मिमी, अकूस्टिकची ४३. त्यामुळे सीमध्ये शेजारच्या तारेला बोट लागण्याचा प्रश्न निम्मा सुटतो. हात लहान असेल तर हीच रुंदी उलट जाते, हेही सांगून ठेवतो.

संध्याकाळी गिटार उतरण्याबद्दल. यातलं अर्धं हवामान. आत्ता ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरून फुगतं, पुढची फळी पोट काढते, तारा उंचावतात. डिसेंबर-जानेवारीत, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या थंडीत, हवा कोरडी होते, फळी खाली बसते आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला हाताला लागायला लागतात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवली तर ब्रिजचा गोंदच मऊ पडतो. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. काही शे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो पिशवीत टाका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद तापवून परत वापरा. बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते, तिच्यावर गिटार टांगू नका. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर तर नकोच नको.

वाजवून झालं की तारा वरून आणि खालूनही सुती कापडाने पुसा. घामाने पावसाळ्यात दीड महिन्यात गंज चढतो, आणि गंजलेली तार सुरात राहत नाही.

उरलेलं अर्धं लावण्याच्या पद्धतीत. तार नेहमी खालून वर आणून सुरात लावायची. वर गेली तर पुरती खाली उतरवा आणि पुन्हा चढवा. वरून खाली आणून सोडली तर खुंटीच्या दात्यांत सैल जागा राहते आणि पाच मिनिटांत तार घसरते. लावताना नटपाशी टक्-टक् आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय, तिथे शिसपेन्सिलचं शिसं घासा. नवीन तार बाराव्या फ्रेटपाशी धरून बोटभर अलगद ओढा, परत सुरात लावा, असं चार-पाच वेळा. खुंटीवर जाड तारेचे दोन आणि पातळ तारेचे तीन वेढे, वरून खाली जाणारे, एकावर एक नाही.

शिवाय आता गणपती जवळ आले. ढोलपथकांचा सराव सुरू झाला की गंगापूर रोडला मोबाइलच्या माइकला तुमची तार ऐकू येणार नाही. गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावायचा ट्यूनर घ्या, तो हवेतला आवाज घेत नाही, लाकडाचं कंपन घेतो.


पॉलिशपेपर

नायलॉनला विरोध नाही, पण हे वाचून कुणी आहे त्या गिटारवर नायलॉनच्या तारा चढवू नयेत. ब्रिज, नटच्या खाचा, मानेचा बाक, सगळं वेगळं, तारा नुसत्या लोळतात. आणि क्लासिकलवर स्टीलच्या तारा तर अजिबात नाही. ताण जवळपास दुप्पट, बहुतेक क्लासिकलच्या मानेत ट्रस रॉडही नसतो. दोन महिन्यांत ब्रिज उचलला जातो.


काळी_चार

एक गोष्ट सगळ्यांनी सोडली. यांना साथ करायची आहे काळी चारला. त्यासाठी पूर्ण एफ लागतच नाही.

पेटीची पांढरी एक म्हणजे सी, काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जीच्या आकारात वाजवा, सा काळी चारवर आला. आता हाताखाली कॉर्ड येतात त्या या : जीमध्ये सा-ग-प, सीमध्ये म-ध-सा, डीमध्ये प-नि-रे, ई मायनरमध्ये ध-सा-ग. शुद्ध स्वरांचं कुठलंही भावगीत या चारांत बसतं. गाणं ऐकताना ओळ कुठे टेकते ते पाहा. प वर टेकली तर जी किंवा डी, ध वर टेकली तर सी किंवा ई मायनर. दोन्ही लावून बघा, चूक तेव्हाच कळते. पेटी येणाऱ्याच्या घरात कॉर्डचं पुस्तक लागत नाही.

राग डोकावला की जपा. यमनच्या अंगाचं गाणं असेल तर म तीव्र, तिथे सी लावला की शुद्ध म घुसतो आणि गाणारी वळून बघते. त्या जागी ए मेजर, त्यात रे, तीव्र म आणि ध आहेत. कोमल नि आला तर एफ मेजर सेव्हन, वर सांगितलेलाच.

ग, ध, नि कोमल असलेल्या गाण्याला कॅपो चौथ्या फ्रेटला आणि सा ई मायनरवर. तोही काळी चारच. सोबत ए मायनर, जी, सी, डी. भैरवी असेल तर रेसुद्धा कोमल, म्हणून डीच्या जागी डी मायनर. भैरवीत कॉर्डची गर्दी करू नये, सहावी तार सा म्हणून घुमू द्यावी, पुष्कळ होतं.

पेटीबरोबर बसताना ट्यूनरच्या ४४० वर (पांढरी सहाची ठरलेली कंपनसंख्या) विसंबू नका. कित्येक पेट्या थोड्या चढ्या लावलेल्या असतात. पेटीची पांढरी सहा दाबून ट्यूनरला ऐकवा आणि सुई मध्यावर येईपर्यंत त्याचा आधारसूर ४४१, ४४२ असा सरकवा. मग गिटार त्या आकड्यावर लावा. पेटी काही कुणासाठी खाली येत नाही. कॅपो लावल्यावर तारा जरा चढतात, म्हणून शेवटचं लावणं कॅपोसकट. कॅपो फ्रेटच्या पट्टीला चिकटून, मागे. मधोमध लावला तर सगळंच चढतं.

आता ठेका. उजवा हात केरव्यासाठी : आठ मात्रा मोजा, विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर, आणि हा झोका कधीच थांबवायचा नाही. तारांना हात लागतो तो १, ३, ४, ६, ७, ८ ला. दोनला आणि पाचला हात जातो पण लागत नाही. पाच ही केरव्याची ‘खाली’ (बिनटाळीची मात्रा) असतेच, त्यामुळे तबला येणाऱ्याला हे लगेच उमगतं. तोंडाने “धा गे ना ती, ना के धी ना” म्हणत, डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून, कॉर्डशिवाय पाच मिनिटं करा. कॉर्ड त्यानंतर.

दादरा सहा मात्रांचा. पहिल्या मात्रेला फक्त जाड तार, जी असेल तर सहावी, सी असेल तर पाचवी, डी असेल तर चौथी. दोन-तीनला पातळ तीन तारांवर हलकं खाली. चौथीला पुन्हा एखादी जाड तार, पण पहिलीपेक्षा दबकी. पाच-सहाला हलकं. सगळ्या मात्रा सारख्या जोराने मारल्या की बँडवाला वाजवतोय असं वाटतं.

पिक (तारा छेडायची चपटी पात) ०.६ ते ०.७३ मिमीचं घ्या, आणि अंगठा-तर्जनीतून टोक चार-पाच मिमीच बाहेर ठेवा. जास्त बाहेर काढलं की तारांत अडकतं.


गंगापूररोडकर

कॅपो मागवला. पाव फेरा दिला, एका रात्रीत पाचवं कार्ड जाईना. रविवारी सॅडल काढतो. दोन शंका. कॅपो लावल्यावर नटची चूक झाकली जाते का? आणि जी-सी-डी-ई मायनर या चारांत बदलाचा सोपा रस्ता कोणता?


सहावी_तार

पहिली : हो. कॅपो पहिल्या फ्रेटला लागला की तोच नट होतो, खरा नट हिशेबातून जातो. कॅपो लावून सी एकदम सुरेल वाजला तर नट उंच असल्याचा हाच पुरावा, कारागिराला हेच करून दाखवा. नटच्या खाचा उतरेपर्यंत सराव कॅपो लावूनच करा.

दुसरी : करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला आणि अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला ठेवा. मधलं बोट सहावीच्या तिसऱ्याला, तर्जनी पाचवीच्या दुसऱ्याला, हा जी. आता करंगळी-अनामिका न उचलता मधलं बोट पाचवीच्या तिसऱ्याला आणि तर्जनी चौथीच्या दुसऱ्याला सरकवा. हा सी ॲड नाइन, सीच्या जागी चालतो, फक्त सहावी तार छेडू नका. ई मायनरला करंगळी-अनामिका तशीच, पाचवी आणि चौथीच्या दुसऱ्या फ्रेटला तर्जनी-मधलं बोट. डीला अनामिका जागची हलत नाही, करंगळी उचलायची, तर्जनी तिसरीच्या दुसऱ्याला, मधलं बोट पहिलीच्या दुसऱ्याला. चारही कॉर्डमध्ये अनामिका खिळलेली. सी ॲड नाइनमध्ये सा, म, ध यांच्याबरोबर प येतो, अभंगात चालून जातं. आलाप चालू असेल आणि ओळ म वर थांबत असेल तिथे मात्र प म ला झाकतो, तेवढ्या जागी साधा सी.


काळी_चार

आणि तशा जागी सी येईपर्यंत नुसती पाचवी तार तिसऱ्या फ्रेटला दाबून एकदा छेडा, म एकटा वाजतो. गाणारीला तेवढं पुरतं.